मत गावाचे, निर्णय कुणाचा?

खान्देशात शेतकऱ्याचे वर्ष आखाजीला सुरू होते. सालदाराचा करार आखाजीला होतो, माहेरवाशिणी आखाजीला येतात आणि यंदा कोणत्या वावरात काय पेरायचे, याचा विचारही त्याच सुमारास घराघरांत पक्का होतो. विहिरीला पाणी असेल तर मे महिन्याच्या अखेरीस कापसाची पूर्वहंगामी लागवड होते. कोरडवाहू शेतकरी मृगाच्या पावसाची वाट पाहतो. एकदा बी जमिनीत गेले की त्या वर्षापुरता त्याचा निर्णय झालेला असतो. तो मागे घेण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही.

२०२५ साली जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील लक्षावधी शेतकऱ्यांनी असाच निर्णय घेतला. त्या वेळी परदेशातून येणाऱ्या कापसावर अकरा टक्के आयात शुल्क होते; ते २०२१ च्या अर्थसंकल्पापासून लागू होते. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला होता. ऑगस्टच्या मध्यास, कापूस पाते-फुलांवर असताना, अधिसूचना निघाली आणि १९ ऑगस्टपासून हे शुल्क माफ झाले. सवलत आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती. पुढे ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. खान्देशातील वेचणीचा आणि विक्रीचा मुख्य काळ नेमका हाच. हंगाम सुरू झाला तेव्हा खासगी व्यापाऱ्यांचा भाव हमीभावाच्या खाली होता. कापूस महामंडळाकडे जायचे तर मोबाईलवर ‘कपास किसान’ अॅपमध्ये नोंदणी करायची, आपली पाळी येण्याची वाट पाहायची आणि बोंडांतला ओलावा ठरलेल्या मर्यादेत आहे हे केंद्रावर सिद्ध करायचे. ज्याला दिवाळीपूर्वी पैसा हवा होता, त्याने माल दारातच, खेडा खरेदीत घालून टाकला.

शुल्कमाफीला कारण नव्हते असे नाही. अमेरिकेने भारतीय मालावर पन्नास टक्के आयात कर लादला होता आणि वस्त्रोद्योगाची निर्यात संकटात होती. सूतगिरणीतला आणि कपड्याच्या कारखान्यातला कामगारही याच देशाचा. त्याची रोजी वाचवणे हे सरकारचे कर्तव्यच आहे. आयात शुल्क हा कापसाचा भाव ठरवणारा एकमेव घटक नाही, हेही मान्य केले पाहिजे. तरीही एक प्रश्न उरतोच. २०२४ साली याच शेतकऱ्याने सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा मतदान केले होते, मे महिन्यात लोकसभेसाठी आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेसाठी. त्याच्या वर्षभराच्या कमाईवर परिणाम करणारा हा निर्णय पेरणीनंतर झाला, तेव्हा त्याला कोणी विचारले? त्याने निवडून दिलेल्या खासदाराची तरी संमती त्यासाठी लागली का? संसदेचे पावसाळी अधिवेशन त्याच आठवड्यात चालू होते. पण अशा शुल्कमाफीसाठी संसदेच्या आगाऊ संमतीची गरज कायद्यानेच ठेवलेली नाही.

हा दोष कुणा एका मंत्र्याचा किंवा एका सरकारचा मानून विषय संपवता येणार नाही. २०२२ सालीही एप्रिलपासून काही महिने असेच शुल्क माफ झाले होते. पक्ष बदलतात, मंत्री बदलतात; पण आर्थिक निर्णय मतदाराच्या हाताबाहेर ठेवण्याची रीत कायम राहते. तिची पाळेमुळे एका विचारात आहेत. त्या विचाराला अर्थशास्त्रात नवउदारमतवाद म्हणतात.

बाजार आणि बाजारवाद

येथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. नवउदारमतवाद म्हणजे बाजार नव्हे. बाजार आपल्याकडे शतकानुशतके आहे. खान्देशातल्या कोणत्याही मोठ्या गावाचा आठवडे बाजार पाहा. खरेदी-विक्री, घासाघीस, उधारी, नफा, तोटा, सारे काही तेथे आहे. पण तो बाजार गावाच्या मर्यादेत भरतो. त्याचा दिवस, जागा आणि कर गाव ठरवते. बाजार समाजासाठी असतो. समाज बाजारासाठी नसतो.

नवउदारमतवाद हे नाते उलटे करतो. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, स्वित्झर्लंडमधील माँ पेलरँ येथे फ्रेडरिक हायेक यांच्या पुढाकाराने काही विचारवंत जमले. साम्यवादाचा आणि सर्वंकष राज्यसत्तेचा धोका त्यांना स्पष्ट दिसत होता. सर्व आर्थिक सत्ता सरकारच्या हाती एकवटली तर नागरिकाचे स्वातंत्र्यही जाईल, हा त्यांचा इशारा खोटा नव्हता. आणीबाणी भोगलेल्या देशाला तो समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु याच विचाराला दुसरी बाजू होती. मतदार आपल्या मताच्या बळावर बाजारात हस्तक्षेप करील, याचेही भय या मंडळींना वाटत होते. म्हणून चलन, व्यापार, शुल्क आणि मालमत्ता यांविषयीचे नियम जनमताच्या लाटांपासून दूर, सुरक्षित ठिकाणी ठेवावेत, असा त्यांचा आग्रह होता.

हा आग्रह कोठवर जाऊ शकतो, ते चिलीने दाखवले. १९७३ मध्ये तेथे लष्कराने निर्वाचित सरकार उलथवले. त्यानंतर पिनोशे यांच्या हुकूमशाहीत शिकागो विद्यापीठात शिकून आलेल्या अर्थतज्ज्ञांनी मुक्त बाजाराचा प्रयोग राबवला. स्वतः हायेक यांनी १९८१ साली चिलीतील एका वृत्तपत्राशी बोलताना, उदारमत नसलेल्या लोकशाहीपेक्षा उदारमतवादी हुकूमशहा आपण पसंत करू, अशा आशयाचे मत व्यक्त केले होते. स्वातंत्र्याच्या नावाने सुरू झालेला विचार हुकूमशहाच्या दारात येऊन थांबला.

लोकशाही देशांत मात्र रणगाड्यांची गरज पडत नाही. तेथे ‘दुसरा पर्याय नाही’ हे एक वाक्य पुरते. ब्रिटनमध्ये मार्गारेट थॅचर यांनी ते रूढ केले आणि पुढे ते जगभरच्या अर्थमंत्र्यांच्या तोंडी बसले. पर्याय नसेल तर निवडणूक कशासाठी, हा प्रश्न कोणी विचारला नाही. ग्रीसच्या जनतेने तो विचारून पाहिला. कर्ज देणाऱ्या संस्थांच्या अटी मान्य कराव्यात का, यावर ५ जुलै २०१५ रोजी तेथे सार्वमत झाले. एकसष्ट टक्के मतदारांनी ‘नाही’ असा कौल दिला. त्यानंतर आठवडाभरातच, १३ जुलैला, त्याच सरकारने त्याहून कठोर अटी मान्य केल्या. ज्या देशाला लोकशाहीचे माहेरघर म्हणतात, तेथे लोकांनी मत दिले आणि निर्णय मात्र परदेशी सावकारांचा झाला.

दोन दारे

आपल्या देशात हा विचार १९९१ साली आला, तो अडचणीच्या वाटेने. परकीय चलनाची गंगाजळी आटली होती. रिझर्व्ह बँकेचे जवळपास ४७ टन सोने इंग्लंड व जपानच्या बँकांकडे तारण ठेवावे लागले. जुलै महिन्यात दोनदा रुपयाचे अवमूल्यन झाले आणि २४ जुलैला नवे औद्योगिक धोरण आले. लायसन्स-परमिटचे राज्य संपणे आवश्यकच होते. ज्या व्यवस्थेत स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि कारखान्याच्या परवान्यासाठी दिल्लीचे उंबरे झिजवावे लागत, तिच्यासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही.

पण त्या पाच-सहा वर्षांत दिल्लीने दोन दारे एकाच वेळी उघडली, याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. एका दाराने ७३ वी घटनादुरुस्ती आली. २४ एप्रिल १९९३ पासून ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले. १९९६ च्या अखेरीस पेसा कायदा झाला आणि अनुसूचित क्षेत्रातील गावांना आपल्या साधनसंपत्तीविषयी बोलण्याचा अधिकार मिळाला. धुळे जिल्ह्यात साक्री व शिरपूर, जळगाव जिल्ह्यात चोपडा, यावल व रावेर या तालुक्यांतील वनवासी गावे या कायद्याखाली येतात. दुसऱ्या दाराने १५ एप्रिल १९९४ रोजी माराकेशचा करार आला आणि १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. शेतीचे अनुदान, आयातीवरील निर्बंध, बियाण्यांचे हक्क असे विषय त्या कराराने जिनिव्हाच्या नियमांत बांधले. आपल्या राज्यघटनेनुसार परराष्ट्रीय करारांना संसदेची पूर्वसंमती आवश्यक नसते. त्यामुळे एवढा दूरगामी करार करण्यासही सरकारची स्वाक्षरी पुरेशी ठरली. स्वदेशी जागरण मंचाने त्या वेळी डंकेल प्रस्तावाविरुद्ध देशभर जागृती केली, तेव्हा त्याला काळाच्या मागे असल्याचे हिणवले गेले.

परिणाम असा झाला की मतपेटी गावाच्या चावडीपर्यंत आली आणि त्याच वेळी निर्णय सातासमुद्रापार गेला. ग्रामपंचायतीला दिवाबत्तीचा अधिकार मिळाला, कापसाच्या भावावर परिणाम करणारा अधिकार मात्र दिल्लीच्याही पलीकडे गेला. शिवाय ज्यांनी हे नियम घडवले, त्यांनी ते स्वतः किती पाळले? अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेल्या अनुदानाविरुद्ध ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि खटला जिंकला. तरीही प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळले आणि २०१४ साली ब्राझीलला ३० कोटी डॉलर देऊन तडजोडीने मिटवण्यात आले. बलवानाला नियम मोडण्याची किंमत पैशांत चुकती करता येते. यावल किंवा शिंदखेड्याच्या शेतकऱ्याला ती सोय नाही.

खान्देशचा जुना अनुभव

दूर बसून आखलेले अर्थशास्त्र खान्देशने पूर्वीही अनुभवले आहे. कंपनी सरकारच्या काळात मुंबई इलाख्यात जमिनीची नवी मोजणी व सारा-आकारणी सुरू झाली. तिच्या प्रारंभीच्या प्रयोगामागे इंग्लंडमधील रिकार्डोचा खंडाविषयीचा सिद्धांत होता. पुणे भागात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने त्या आधारे आकारणी केली आणि ती फसली. पुढे सुधारलेली पद्धत घेऊन मोजणीदार खान्देशात आले, तेव्हा १८५२ साली यावल, सावदा, फैजपूर या भागातील शेतकरी एकवटले आणि त्यांनी मोजणीला विरोध केला. सरकारने फौज पाठवून तो मोडला. आपल्या जमिनीचा आकार कोण आणि कशाच्या आधारे ठरवणार, हा त्या शेतकऱ्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर त्यांना शस्त्राने दिले गेले.

पाठोपाठ १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. अमेरिकी कापूस अडला आणि खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपले, भाव कोसळला. शिवारात काहीच बदलले नव्हते. पाऊसही तोच होता, माणसेही तीच. बदलली होती ती लिव्हरपूलची बाजारपेठ.

याच फैजपूरने १९३६ च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरवले. साने गुरुजींसारख्यांनी त्यासाठी खेडोपाडी पायपीट केली होती. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्या साध्या साहित्यातून मंडप सजवला. शेतसारा, खंड आणि कर्ज यांचा भार हलका करण्याचा शेतीविषयक कार्यक्रम तेथे संमत झाला. राजकीय स्वातंत्र्याबरोबर शेतकऱ्याचे आर्थिक गाऱ्हाणेही राष्ट्रीय व्यासपीठावर आले, हे त्या अधिवेशनाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण त्याचे अध्यक्ष असलेल्या पंडित नेहरूंच्याच हाती पुढे देशाची सूत्रे आली, तेव्हा काय झाले? १९५० साली योजना आयोग स्थापन झाला आणि गावाचे भवितव्य दिल्लीतील तज्ज्ञांच्या तक्त्यांत गेले. लंडनचे अर्थशास्त्र गेले, मॉस्कोचे आले. गाव दोन्ही वेळा श्रोत्यांतच बसलेले होते.

सरकारी मक्तेदारी हे उत्तर नव्हे

म्हणूनच नवउदारमतवादावर टीका करताना डाव्यांच्या सुरात सूर मिसळण्याची चूक आपण करू नये. बाजाराच्या मक्तेदारीला सरकारची मक्तेदारी हे उत्तर नाही, याचा पुरावा खान्देशच्या कापसानेच दिला आहे. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. व्यापाऱ्यांच्या पिळवणुकीतून शेतकऱ्याची सुटका करण्याचा तिचा हेतू चांगला होता आणि काही वर्षे तिने आधारही दिला. पण शेतकऱ्याला आपला माल दुसऱ्या कुणाला विकण्याचे स्वातंत्र्य उरले नाही. केंद्रावर दिवसेंदिवस लागणाऱ्या गाड्यांच्या रांगा, प्रतवारीतील मनमानी, थकलेले चुकारे आणि वाढत जाणारा तोटा यांनी योजना पोखरली. सीमेपलीकडे भाव चांगला असला की कापूस रात्री चोरवाटेने गुजरात व मध्य प्रदेशात जाई आणि आपल्याच पिकाच्या विक्रीसाठी शेतकरी गुन्हेगार ठरे. २००२ नंतर खासगी खरेदीला मुभा मिळाली, तेव्हा तिच्यासाठी हळहळणारे फार नव्हते.

उलट बाजूही पाहू. जळगावच्या केळीने जे नाव मिळवले, ते उपक्रमशील माणसांच्या बळावर. ठिबक सिंचन आणि ऊतिसंवर्धित रोपे शिवारात पोहोचवण्यात भवरलाल जैन यांच्यासारख्या खान्देशी उद्योजकाचा वाटा मोठा आहे. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून नोंदलेली कंपनी पुढे विप्रो या नावाने जगभर गेली. उद्यमशीलतेला विरोध करणारा समाज समृद्ध होऊ शकत नाही. प्रश्न उद्योगाचा नाही. प्रश्न आहे, उद्योगासाठी घेतलेल्या निर्णयात ज्याचे सर्वस्व पणाला लागते, त्याला बोलण्यास जागा आहे की नाही हा.

ती जागा नसते तेव्हा काय होते, हे धुळे जिल्ह्याने पाहिले आहे. शिंदखेडा तालुक्यातील विखरण येथे वीज प्रकल्पासाठी २००९ च्या सुमारास भूसंपादनाची प्रक्रिया सुरू झाली. आधी औष्णिक प्रकल्प होता, नंतर तेथे सौर प्रकल्पाची योजना आली. तेथील वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांच्या जवळपास पाच एकर जमिनीचा मोबदला सुमारे चार लाख रुपये ठरला. शेजारच्या जमिनीला अनेक पटींनी अधिक रक्कम मिळाल्याची त्यांची तक्रार होती. ती घेऊन ते वर्षानुवर्षे कार्यालयांत फिरले. २२ जानेवारी २०१८ रोजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या या शेतकऱ्याने मंत्रालयात विष घेतले. २८ जानेवारीला त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर फेरमूल्यांकन झाले आणि वाढीव रक्कम देऊ करण्यात आली. जे गणित एका म्हाताऱ्या माणसाच्या जिवंतपणी जमले नाही, ते त्याच्या मृत्यूनंतर काही दिवसांत जमले! प्रक्रिया एका आघाडीच्या राजवटीत सुरू झाली आणि शेवट दुसऱ्या युतीच्या राजवटीत झाला. म्हणून कोणत्याही पक्षाने दुसऱ्याकडे बोट दाखवू नये. मतदार यादीत त्यांचे नाव असूनही त्यांच्या जमिनीच्या निर्णयात त्यांचे मत कोठेच नव्हते.

पांझरेचे फड, बारीपाड्याचे रान

मग मार्ग कोणता? पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ च्या एप्रिलमध्ये मुंबईत दिलेल्या चार व्याख्यानांत एकात्म मानवदर्शन मांडले. भांडवलशाही माणसाला केवळ ग्राहक समजते, साम्यवाद त्याला यंत्राचा दाता बनवतो आणि दोन्ही व्यवस्थांत सत्ता व संपत्ती थोड्यांच्या हाती एकवटते, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. राजकीय सत्तेबरोबर आर्थिक सत्तेचेही विकेंद्रीकरण झाले, तरच लोकशाही खरी. दत्तोपंत ठेंगडी यांनी याच सूत्रावर तिसऱ्या पर्यायाची मांडणी केली. डॉ. आंबेडकरांनीही २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत हाच धोका सांगितला होता. राजकारणात समता आणि आर्थिक-सामाजिक जीवनात विषमता असा अंतर्विरोध फार काळ टिकला, तर लोकशाहीचा डोलाराच धोक्यात येईल, असा त्यांचा इशारा होता.

हे केवळ ग्रंथातले विचार आहेत, असे कुणी म्हणू नये. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी त्यांचे जिवंत रूप होते आणि काही ठिकाणी अजून आहे. नदीवर एकामागून एक बंधारे, त्यांतून निघणारे पाट आणि पाटाखालील जमिनीचे फड, अशी ही फड पद्धत तीन-चारशे वर्षांची मानली जाते. एका फडात त्या वर्षी एकच पीक. बहुतेक शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत, त्यामुळे लाभ आणि तोटा सर्वांचा सारखा. पाणी कमी असेल तर कोणता फड भिजवायचा आणि कोणता कोरडा ठेवायचा, हे लाभधारक एकत्र बसून ठरवीत. पाटकरी, हवालदार, जागल्या यांची नेमणूक गावकरी करत आणि त्यांचा मेहनताना धान्यात देत. पाण्याला तेथे मोल होते, पण पाणी विक्रीचा माल नव्हते. सरकारी पाटबंधारे खाते नव्हते, तरी शिस्त होती. बाजार नव्हता, तरी काटकसर होती. आर्थिक लोकशाही म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी माँ पेलरँला जाण्याऐवजी साक्री तालुक्यात जावे.

त्याच साक्री तालुक्यात बारीपाडा आहे. कोकणा समाजाच्या या छोट्या पाड्याचे रान एके काळी उजाड झाले होते. नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी चैत्राम पवार या उच्चशिक्षित तरुणाने नोकरीची वाट सोडून गावातच राहण्याचे ठरवले. वनवासी कल्याण आश्रमाची साथ मिळाली. गावाने एकत्र बसून नियम केले. झाड तोडणाऱ्याला दंड, चराईला बंधन, राखणीला पाळ्या. हे नियम बाहेरून कुणी लादले नव्हते, म्हणून ते पाळले गेले. चारशे हेक्टरांहून अधिक जंगल उभे राहिले, विहिरींना पाणी आले, भाताचे उत्पन्न वाढले, रोजगारासाठी होणारे स्थलांतर घटले. रानभाज्यांची पाककला स्पर्धा पाहण्यासाठी आता शहरातील माणसे या पाड्यावर येतात. २०२५ साली चैत्राम पवारांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा तो सन्मान एका व्यक्तीइतकाच एका पद्धतीचाही होता.

बारीपाड्याचे लोक बाजाराशी फटकून राहिलेले नाहीत. ते आपला तांदूळ विकतात, भाजीपाला विकतात. पण रान तोडून विकायचे की राखायचे, हे त्यांनी स्वतः ठरवले. बाजारात उतरण्यापूर्वी समाजाने आपली मर्यादा स्वतः आखून घेतली. स्वदेशीचा अर्थ परदेशी वस्तूंची होळी एवढाच नाही. आपल्या निर्णयाचे केंद्र आपल्यात असणे, हा स्वदेशीचा गाभा आहे.

काय करता येईल?

प्रत्येक प्रश्न बारीपाड्याच्या मापाने सुटणार नाही, हे उघड आहे. आयात शुल्क ग्रामसभा ठरवू शकत नाही आणि जगाशी व्यापार केल्याशिवाय कोणत्याही मोठ्या देशाचे भागत नाही. परंतु निर्णय दूरच घ्यावा लागत असेल, तर त्याचे उत्तरदायित्व तरी जवळ आणता येते. त्यासाठी काही गोष्टी आजच्या चौकटीतही शक्य आहेत.

पहिली गोष्ट, ज्या पिकाची पेरणी झाली आहे, त्याच्या आयात शुल्कात पेरणीपासून विक्रीचा हंगाम संपेपर्यंत शेतकऱ्याला बाधक बदल करू नये. अपरिहार्यच असेल, तर शुल्कात जेवढी सूट, तेवढ्या प्रमाणात उत्पादकाला भरपाईची तरतूद त्याच आदेशात असावी. संकटाचा भार वस्त्रोद्योगावरून काढून केवळ शेतकऱ्याच्या खांद्यावर ठेवणे ही अर्थनीती नव्हे. दुसरी गोष्ट, शेतीवर परिणाम करणारे व्यापारी करार स्वाक्षरीपूर्वी संसदेसमोर आणि ज्या राज्यांचा त्यात संबंध आहे, त्यांच्या विधिमंडळांसमोर चर्चेला यावेत. तिसरी गोष्ट, २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी प्रकल्पासाठी ऐंशी टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी सत्तर टक्के बाधितांच्या संमतीची अट आहे. तिला वळसा घालण्याच्या वाटा बंद व्हाव्यात आणि सरकारी प्रकल्पातही मोबदल्याचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवला जावा. विखरणसारखी वेळ पुन्हा कुणावर येऊ नये.

चौथी गोष्ट सर्वांत साधी आहे आणि तिचीच आपल्याला सर्वाधिक लाज वाटली पाहिजे. जळगावसह राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर वर्षानुवर्षे तेथे प्रशासकांचा कारभार राहिला. मुदतीपूर्वी निवडणूक व्हावी, अशी घटनेची अपेक्षा. पण न्यायालयीन वाद, प्रभागरचना आणि आरक्षण यांच्या गुंत्यात ती बाजूला पडली. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. यातील चिंतेची बाब वेगळीच आहे. इतकी वर्षे आपले सदस्य नाहीत, याची गावोगाव फारशी उणीवच भासली नाही. रस्ते होत होते, निविदा निघत होत्या, कंत्राटे दिली जात होती. मग सदस्य हवेत कशाला, असा विचार सुशिक्षितांच्याही मनात डोकावला. नवउदारमतवादाचा खरा विजय बाजारपेठेत होत नाही, तो येथे होतो. नागरिक स्वतःला सेवेचा ग्राहक समजू लागतो आणि सेवा मिळत असेल तर आपल्या मताचे मोल त्याला वाटेनासे होते.

यावर कायद्याइतकेच जागृत समाजमनही हवे. सरकार आपल्या विचारांचे असले म्हणजे प्रश्न विचारण्याचे दायित्व संपते, असे समजणारे कार्यकर्ते आपल्यातही आहेत. त्यांनी ठेंगडींचे स्मरण करावे. अटलजींचे सरकार असतानाही, देशहिताला बाधक वाटलेल्या आर्थिक धोरणावर त्यांनी जाहीर टीका केली, भारतीय मजदूर संघ रस्त्यावर उतरवला. आणि त्यासाठी विचारनिष्ठेत तसूभरही उणेपणा येऊ दिला नाही. ती परंपरा आपली आहे. विरोधकांच्या विरोधात द्वेष असतो, आपल्या विरोधात आपलेपणा असायला हवा. पण तो विरोध असायला मात्र हवा.

पुन्हा आखाजी येईल. झोके बांधले जातील, सालदाराचा करार ठरेल आणि कोणत्या वावरात काय पेरायचे, याची चर्चा ओसरीवर रंगेल. शेतकरी पाऊस, बी आणि बाजार या तिघांच्या भरवशावर दाणा जमिनीत टाकील. पावसावर कुणाचे नियंत्रण नाही. ते त्याने पिढ्यान्‌पिढ्या मान्य केले आहे. बाजार मात्र माणसांनी घडवलेला आहे आणि त्याचे नियमही माणसांनीच केलेले आहेत. ते निसर्गासारखे अटळ आहेत, असे त्याला सांगणे ही त्याची फसवणूक आहे. ज्या हाताने तो पेरतो, त्याच हाताने तो मतही देतो. त्या हाताला निर्णयापर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी करून देणे, हे लोकशाही मानणाऱ्या प्रत्येकाचे काम आहे.